घरगुती वातानुकूलन यंत्रणेतील संघनन-पंप : तत्त्व, निवड आणि उभारणी

प्रस्तावना

वातानुकूलन यंत्र खोलीतील हवा थंड करते, हे सर्वपरिचित आहे. परंतु हेच यंत्र हवेतील पाणीही बाहेर काढते, याकडे सामान्यतः लक्ष जात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर ओघळ दिसू लागले, छताच्या पीओपीवर पिवळट डाग पडले अथवा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याने तक्रार केली, म्हणजे मग या पाण्याची आठवण होते. आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ मात्र या पाण्यापासूनच झाला आहे. १९०२ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका मुद्रणालयात दमट हवेमुळे कागद प्रसरण पावत असे व रंगांची छपाई एकमेकांवर नीट जुळत नसे. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने त्यावर जी यंत्रणा आखली, तिचा मुख्य हेतू हवेतील आर्द्रता नियंत्रित करणे हा होता. माणसाला मिळणारा गारवा हा त्या प्रयत्नाचा पुढे विस्तारलेला लाभ होय.

हवेतून काढलेले हे पाणी, म्हणजेच संघननजल, घराबाहेर नेण्याचा सर्वांत सोपा व खात्रीचा मार्ग म्हणजे उतार. जेथे उतार देता येत नाही, तेथे संघनन-पंप बसवावा लागतो. प्रस्तुत लेखात या पंपामागील शास्त्रीय तत्त्व, त्याची निवड, उभारणीची पद्धत आणि त्यातील सुरक्षा-स्विचचे महत्त्व यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

संघननजल : उगम व प्रमाण

हवेची बाष्पधारण क्षमता तिच्या तापमानावर अवलंबून असते. हवा थंड होत गेली की एका विशिष्ट तापमानाला ती बाष्पाने संपृक्त होते. या तापमानास दवबिंदू तापमान म्हणतात. २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे १८.५ अंश असते. यंत्राच्या अंतर्गत युनिटमधील कॉइलचा पृष्ठभाग याहून बराच थंड असतो. साहजिकच हवा त्यावरून वाहताना बाष्पाचे संघनन होऊन थेंब तयार होतात व ते खालच्या ट्रेमध्ये जमा होतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटणारा घाम हे याच क्रियेचे घरगुती उदाहरण होय.

कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत हे प्रमाण किती मोठे असते, ते साध्या आकडेमोडीने लक्षात येते. ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २४ अंश व ५० टक्के आर्द्रता अशा सुखद स्थितीतील हवेत ते सुमारे ११ ग्रॅम असते. म्हणजे बाहेरून खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेमागे यंत्राला सुमारे १३ ग्रॅम पाणी काढून टाकावे लागते.

याच प्रश्नाकडे ऊर्जेच्या बाजूनेही पाहता येते. एक टन शीतन-क्षमता म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. दीड टनी यंत्राची क्षमता सुमारे ५.३ किलोवॅट होते. दमट हवामानात त्यापैकी एक चतुर्थांश भाग बाष्पाच्या संघननासाठी खर्च होतो असे मानले, तर तो १.३ किलोवॅटच्या आसपास येतो. पाण्याचा अप्रकट उष्मा या तापमानाला प्रतिकिलोग्रॅम सुमारे २४५० किलोज्यूल असतो. यावरून ताशी सुमारे १.९ लिटर, म्हणजे स्थूलमानाने दोन लिटर पाणी तयार होते. रात्रभर आठ तास यंत्र पूर्ण क्षमतेने चालल्यास पंधरा-सोळा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली पाणी जमते. प्रत्यक्षात खोली थंड झाल्यावर यंत्राचा भार कमी होतो, त्यामुळे हा आकडा घटतो. तथापि पंपाची निवड सरासरी दिवसावर न करता सर्वाधिक दमट दिवसावर करावयाची असते.

उतार आणि पंप

संघननजल वाहून नेणाऱ्या नळीला प्रत्येक मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. अंतर्गत युनिट बाहेरच्या भिंतीवर असेल तर हे सहज साधते. भिंतीला तिरके छिद्र पाडून नळी बाहेर काढली की काम होते. अशा ठिकाणी पंप बसवणे अनावश्यकच नव्हे, तर अयोग्य आहे. गुरुत्वाकर्षणाला वीज लागत नाही, त्याचा आवाज होत नाही आणि ते बंद पडत नाही.

अडचण येते ती पुढील परिस्थितीत. खोलीच्या चारही भिंती आतील असणे, बाहेरच्या भिंतीवर युनिटला जागा नसणे, मार्गात तुळई आडवी येणे, दर्शनी भागावर नळ्या सोडण्यास गृहनिर्माण संस्थेने मनाई केलेली असणे, किंवा फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेल्या युनिटची नळी मोरीपर्यंत नेताना उतार पुरेसा न मिळणे. दहा मीटर लांबीच्या नळीला एकूण दहा सेंटिमीटर उतार लागतो. फॉल्स सीलिंगच्या वरच्या मर्यादित जागेत तेवढा मिळेलच असे नाही. अशा वेळी पाणी वर उचलून मग उताराला लावणे एवढाच मार्ग उरतो.

थंड प्रदेशांत हा प्रश्न वेगळ्या रूपात आढळतो. अमेरिकेतील व कॅनडातील अनेक घरांत तापविणारी भट्टी आणि थंड करणारी कॉइल ही एकाच यंत्रणेचे भाग म्हणून तळघरात बसवलेली असतात. तळघराची जमीन सांडपाण्याच्या वाहिनीच्या खाली असली, तर पंपाशिवाय गत्यंतर नसते. तेथे हिवाळ्यातही पाणी तयार होते. नैसर्गिक वायूतील मिथेन जळताना बाष्प निर्माण होते. एक किलोग्रॅम मिथेनच्या ज्वलनातून सव्वादोन किलोग्रॅम पाणी मिळते. उच्च कार्यक्षमतेच्या भट्टीत या बाष्पाचेही संघनन करून त्यातील उष्णता वापरली जाते. मात्र या पाण्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे विरघळल्याने ते आम्लधर्मी होते. त्यामुळे ते पंपात शिरण्यापूर्वी चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या पात्रातून नेऊन त्याचे उदासिनीकरण करावे लागते. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवीन गॅस बॉयलर सामान्यतः संघनन प्रकारचेच असावेत असा नियम झाला आणि या पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न तेथील घराघरांत पोहोचला. पुढे डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत घराबाहेरून नेलेल्या निचरा-नळ्या गोठून अनेक बॉयलर बंद पडले. निचऱ्याचा मार्ग हा यंत्रणेचा दुय्यम भाग नसतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

भारतात गरम व थंड अशा दोन्ही प्रकारे चालणारी स्प्लिट यंत्रे प्रामुख्याने उत्तरेकडील घरांत उपयुक्त ठरतात. अशा यंत्रात हिवाळ्यात चक्र उलटे फिरते. आतील कॉइल गरम असल्याने तिच्यावर संघनन होत नाही व पाणी बाहेरील युनिटवर साचते. परिणामी आतील पंप कित्येक महिने कोरडा पडून राहतो. त्यातील शेवाळसदृश थर वाळून फ्लोट चिकटून बसण्याचा संभव असतो. म्हणून उन्हाळ्याच्या प्रारंभी पंपाची तपासणी आवश्यक ठरते.

पंपाची रचना व कार्य

घरगुती वापरातील पंपांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला टाकीचा पंप. यात सुमारे दोन लिटर क्षमतेची टाकी, तिच्या झाकणावर मोटर, आत फ्लोट आणि बाहेर जाणाऱ्या मार्गावर एकदिशा झडप असते. तो जमिनीवर किंवा युनिटच्या खाली ठेवला जातो. भट्टी किंवा मोठ्या डक्ट यंत्रणांसाठी हा प्रकार सोयीचा असतो. दुसरा प्रकार छोट्या पंपाचा. यात मुठीत मावेल एवढी फ्लोट-पेटी ट्रेच्या नळीला जोडलेली असते आणि पंप तिच्यापासून थोड्या अंतरावर, पट्टीच्या आवरणात अथवा फॉल्स सीलिंगवर ठेवलेला असतो. भिंतीवरील स्प्लिट युनिटसाठी सामान्यतः हाच वापरतात.

दोन्हींचे कार्य पाण्याच्या तीन पातळ्यांवर चालते. पाणी पहिल्या पातळीखाली गेले की पंप थांबतो. दुसऱ्या पातळीला पोहोचले की सुरू होतो. पंप सुरू असूनही, किंवा तो बिघडल्यामुळे, पाणी तिसऱ्या पातळीला पोहोचले तर सुरक्षा-स्विच उघडतो व त्याला जोडलेला विद्युत-मंडल खंडित होतो. या तिसऱ्या पातळीचे महत्त्व पुढे स्वतंत्रपणे पाहू.

निवडीचे निकष

पंपावर छापलेली ताशी लिटरची संख्या बहुधा शून्य उंचीसाठी असते. पाणी जितके वर चढवावे तितका प्रवाह घटतो, कारण दर मीटर उंचीमागे पंपाला सुमारे ९.८ किलोपास्कल दाबावर मात करावी लागते. नळीची लांबी आणि वळणे यांमुळे होणारे घर्षण वेगळेच. समजा, एखादा पंप शून्य उंचीवर ताशी बारा लिटर आणि सहा मीटरवर पाच लिटर पाणी देतो. पाणी सहा मीटर चढवायचे असल्यास तो पाच लिटरचाच पंप समजला पाहिजे. यंत्रातून ताशी दोन लिटर पाणी अपेक्षित असेल, तर प्रत्यक्ष उंचीवर त्याच्या किमान दुप्पट प्रवाह देणारा पंप घ्यावा. तसेच सुरक्षा-स्विच नसलेला पंप, तो कितीही स्वस्त असला तरी, विचारात घेऊ नये.

उभारणीची पद्धत

पहिली पायरी वीजपुरवठा खंडित करण्याची. यंत्राचा एमसीबी बंद करून तारांत विद्युतप्रवाह नसल्याची टेस्टरने खात्री करून घ्यावी. विद्युत जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पाणी आणि वीज येथे एकाच पेटीत शेजारी असतात, याचा विसर पडू नये.

दुसरी पायरी स्थाननिश्चितीची. पाणी ट्रेमधून फ्लोट-पेटीत आपोआप उतरले पाहिजे. म्हणून पेटी ट्रेच्या निर्गमापेक्षा खाली आणि पूर्णपणे समतल असावी. ती तिरकी बसली तर फ्लोटला पातळी चुकीची कळते. पेटीतील हवा बाहेर पडण्यासाठी दिलेली बारीक श्वासनळी उभी व उघडी ठेवावी. ती दाबली गेल्यास हवा अडकते, पाणी पेटीत उतरत नाही आणि पंप निर्दोष असूनही ट्रे भरून वाहते.

तिसरी पायरी निर्गम नळीची. पंपातून निघालेली नळी प्रथम सरळ वर न्यावी आणि सर्वोच्च बिंदूपासून पुढे सतत उतार देऊन निचऱ्याच्या जागी सोडावी. नळीला दुमड पडू देऊ नये. नळीचे टोक पंपाच्या पातळीहून खाली येत असेल, तर वक्रनलिकेचा परिणाम संभवतो. पाणी एकदा वाहू लागले की पंप थांबल्यावरही ते ओढले जाते, पेटी रिकामी होते, पंपात हवा शिरते आणि तो घरघरू लागतो. हे टाळण्यासाठी सर्वोच्च बिंदूवर हवा आत घेणारी वक्रनलिका-रोधक झडप बसवतात. पंप थांबल्यावर उभ्या नळीतील पाणी मागे येऊ नये म्हणून एकदिशा झडप योग्य दिशेने असल्याचेही पाहावे.

चौथी पायरी निचऱ्याच्या जागेची. नळीचे टोक सांडपाण्याच्या बंद वाहिनीत थेट खुपसू नये, अन्यथा तेथील दुर्गंधीयुक्त वायू उलट मार्गाने खोलीत येऊ शकतो. मोरीच्या जाळीच्या थोडे वर, मध्ये हवेचे अंतर राखून टोक सोडावे. रस्त्यावर, जिन्यात किंवा शेजाऱ्याच्या सज्जावर पाणी पडू देणे हा केवळ असभ्यपणा नव्हे, त्यातून घसरून अपघातही होतात.

पाचवी पायरी विद्युत जोडणीची. पंपाला मिळणारा पुरवठा कायमचा असावा. तो काँप्रेसरबरोबर चालू-बंद होणाऱ्या तारेवरून घेऊ नये. काँप्रेसर थांबल्यावरही ओल्या कॉइलवरून बराच वेळ पाणी ठिबकत राहते आणि नेमक्या त्याच वेळी पंप निर्जीव असेल, तर पेटी भरून वाहते. पुरवठ्याच्या मार्गात उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज द्यावा.

सहावी पायरी सुरक्षा-स्विचची. या स्विचच्या दोन तारा काँप्रेसर थांबवणाऱ्या मंडलात मालिकेत जोडावयाच्या असतात. यंत्राच्या रचनेनुसार त्या काँप्रेसरच्या पुरवठ्यात, आतील व बाहेरील युनिटमधील संदेश-तारेत किंवा उत्पादकाने राखून ठेवलेल्या टर्मिनलवर जोडल्या जातात. स्विचच्या संपर्काची विद्युतधारा-मर्यादा ओलांडली जाणार नाही, हे आधी तपासावे. मोठ्या यंत्रासाठी मध्ये रिले द्यावा लागतो.

सुरक्षा-स्विच : दुर्लक्षित अर्धा भाग

प्रत्यक्ष व्यवहारात या दोन तारा पुष्कळदा जोडल्याच जात नाहीत. पंप चालतो, पाणी जाते, काम झाले असे मानले जाते. तारांची टोके चिकटपट्टी गुंडाळून ठेवली जातात. या तारा न जोडल्याने पंपाच्या रोजच्या कामात काहीही फरक पडत नाही. म्हणूनच ही त्रुटी दिसत नाही आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

ताशी दोन लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पाणी. पंप बंद पडला आणि ट्रेमध्ये आणखी ३०० मिलिलिटर पाणी मावण्याइतकीच जागा असली, तर ती नऊ-दहा मिनिटांत भरते. रात्री एक वाजता पंप थांबला आणि घरातील माणसे सहा वाजता उठली, तर मधल्या पाच तासांत दहा लिटरपर्यंत पाणी भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये आणि तेथील विजेच्या तारांवर उतरू शकते. पीओपीची पत्रे भिजून जड होतात व कोसळू शकतात. ओल्या जंक्शन-बॉक्समधून विजेचा धक्का बसू शकतो. खालच्या मजल्यावरील कुटुंबाचे नुकसान हा तर गृहनिर्माण संस्थांतील कायमचा कलहाचा विषय असतो.

सुरक्षा-स्विच जोडलेला असेल, तर हाच प्रसंग अगदी वेगळ्या रीतीने घडतो. पाणी तिसऱ्या पातळीला पोहोचते, काँप्रेसर थांबतो, संघनन हळूहळू बंद होते आणि खोली गरम होते. उकाड्याने जाग येते. कॉइलवर उरलेले पाणी मावेल एवढी जागा तिसऱ्या पातळीच्या वर राखलेली असते. थोडक्यात, नुकसानीचे रूपांतर गैरसोयीत होते. उताराने वाहणाऱ्या पाण्याला असा पहारेकरी लागत नाही. परंतु एकदा निसर्गनियमाच्या जागी यंत्र आणले, की त्या यंत्राच्या अपयशाची जबाबदारीही स्वीकारावी लागते. या दृष्टीने सुरक्षा-स्विच हा पंपाचा दुसरा अर्धा भाग ठरतो.

चाचणी व देखभाल

उभारणीनंतर दोन चाचण्या अनिवार्य मानाव्यात. पहिलीत बाटलीने ट्रेमध्ये सावकाश पाणी ओतून पंप योग्य पातळीला सुरू होतो व थांबतो का, आणि नळीच्या टोकाशी पाणी येते का, हे पाहावे. दुसरीत निर्गम नळी चिमटीत धरून बंद करावी व पाणी ओतत राहावे. तिसऱ्या पातळीला काँप्रेसर थांबला तरच उभारणी पूर्ण झाली असे समजावे. पहिली चाचणी बहुतेक मेकॅनिक करतात, दुसरी क्वचितच केली जाते. ग्राहकाने ती समोर करून मागावी.

संघननजल तयार होताना शुद्ध असते, पण कॉइलवरची धूळ, तंतू आणि सूक्ष्मजीव त्यात मिसळून बुळबुळीत थर तयार होतो. फ्लोट अडकण्याचे हेच प्रमुख कारण. हंगामाच्या प्रारंभी व मध्ये फ्लोट-पेटी उघडून स्वच्छ करावी, आतील जाळी धुवावी आणि फ्लोट मूळच्याच बाजूने परत बसवावा. त्यातील चुंबकाची बाजू उलटली तर पंप चुकीच्या वेळी चालतो. एअर फिल्टर नियमित धुतल्यास पंपाचेही आयुष्य वाढते.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो आणि अनुकूल तापमानात आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वाढलेला डास तयार होतो. निचरा-नळीखाली ठेवलेली बादली दर आठवड्याला रिकामी करून घासून कोरडी करणे म्हणूनच आवश्यक आहे. हे पाणी कुंड्यांना, फरशी पुसण्यास किंवा शौचालयात वापरता येते. दुबईतील बुर्ज खलिफा या इमारतीत संघननजल गोळा करून बागेसाठी वापरले जाते. पिण्यासाठी मात्र ते योग्य नाही, कारण त्यात सूक्ष्मजीव व कॉइलच्या धातूंचे अंश असू शकतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, जेथे उतार शक्य आहे तेथे पंप टाळावा. दोन, पंपाची निवड छापील आकड्यावर न करता प्रत्यक्ष उंचीवरील प्रवाहावर आणि सर्वाधिक दमट दिवसाच्या पाण्यावर करावी. तीन, कायम वीजपुरवठा, समतल फ्लोट-पेटी, मोकळी श्वासनळी आणि प्रथम चढ व नंतर उतार असलेली नळी हे उभारणीचे चार आधार होत. चार, सुरक्षा-स्विच जोडून व तपासून झाल्याशिवाय काम पूर्ण मानू नये.

हा विचार घरापुरताच मर्यादित नाही. महाविद्यालयांतील संगणक कक्ष, सर्व्हर-खोली किंवा ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांचा विभाग बहुधा इमारतीच्या आतील भागात असतो, तेथील यंत्रे सुट्ट्यांतही चालू ठेवली जातात आणि त्या काळात तेथे कोणी नसते. अशा ठिकाणी पंपाचे काम पाहणी करून स्वीकारताना, देयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी, निर्गम नळी बंद करून काँप्रेसर थांबतो का एवढे पाहिले, तरी पुढील अनेक वर्षांची हानी टळू शकेल. त्या तपासणीस दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. भिजलेली हस्तलिखिते मात्र पुन्हा मिळत नाहीत.